एकाच नावाची तीन पाकिटं: पत्ती पाहून ग्रीन टी जोखल्याचं एक प्रकरण

मावसबहिणीनं तीन छोटी पाकिटं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ताई, यातलं कुठलं घेऊ? पण चहा करून नाही सांगायचं हं. नुसती पत्ती बघून सांग."

अट ऐकायला विचित्र होती, पण तिच्या दृष्टीनं रास्त होती. तिला ग्रीन टी एकदम घेऊन लहान पाकिटांतून विकायचा होता. विक्रेते पत्ती दाखवतात, हातात घेऊ देतात. पण दरवेळी तिथेच बसून चहा करून पिऊन पाहता येईल असं नसतं. मग नुसत्या डोळ्यांवर किती भिस्त ठेवायची, हा तिचा खरा प्रश्न होता. मला तो फार आवडला. चहाची पत्ती बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःही कधी धडपणे लिहून काढलेलं नव्हतं.

पाकिटं तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडची होती. तिन्हींवर नाव एकच, लोंगजिंग. तिघांचा दावाही एकच होता: यंदाची पत्ती, छिंगमिंगच्या आधी खुडलेली. छिंगमिंग हा चिनी पंचांगातला दिवस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बहुतेकदा ४ किंवा ५ तारखेला येतो. त्याआधीच्या खुडणीला सगळ्यात जास्त मान. त्यानंतर मान असतो तो २० एप्रिलच्या सुमारास येणाऱ्या कु-यू या दिवसापर्यंतच्या खुडणीला. हा नुसता रिवाज नाही. हिवाळाभर झाडानं साठवलेलं सत्त्व वसंतातल्या पहिल्या फुटव्यात उतरतं. त्या कोवळ्या पानांत थिअनिनसारखी अमिनो आम्लं भरपूर असतात आणि तुरटपणा आणणारी कॅटेचिनं तुलनेनं कमी. ऊन आणि उष्मा वाढला की कॅटेचिनं वाढतात, अमिनो आम्लं घटतात आणि चहा तुरट, कडसर होत जातो.

लिहायला सोपं जावं म्हणून पाकिटांना क, ख आणि ग म्हणू.

बहिणीची निवड मनात झालेली होतीच. "ख घ्यावं असं वाटतंय. बघ ना, किती हिरवीगार आहे. आणि सगळी पानं एकसारखी. क तर पिवळी पडलीय, जुनी असणार." तिच्या मते क्रम होता ख, ग, क. मी तिला म्हटलं, "आपण दोघी आपापला क्रम कागदावर लिहून ठेवू. मग चहा करू आणि डोळ्यांनी कुठे फसवलं ते पाहू." तसं केलं. माझा क्रमही चुकला होता, हे आधीच सांगून टाकते. कसा चुकला ते पुढे येईलच.

पत्ती बघण्याआधी नाव बघायचं

ग्रीन टीची चांगली पत्ती कशी दिसते, असं कुणी सरसकट विचारलं तर मला उत्तर देता येत नाही. लोंगजिंगची चांगली पत्ती कशी दिसते, असं विचारलं तर देता येतं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे लोक सगळ्यात जास्त फसतात, असा माझा अनुभव आहे.

उदाहरण घेऊ. 'कळी जितकी जास्त तितका चहा चांगला' हा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. पण चीनच्या आन्हुई प्रांतातल्या ल्यू-आन ग्वाफ्येन या नामांकित चहात कळी नसतेच, देठही नसतो. नुसती पानं असतात आणि तीच त्याची ओळख आहे. त्याच प्रांतातल्या थायपिंग हौक्वेची पत्ती बोटाएवढी लांब आणि सपाट असते. ज्यानं लहान पत्ती म्हणजे उंची पत्ती असं मनाशी धरलंय, तो ती बाजूला सारेल. पांढरी लव हे कोवळेपणाचं लक्षण खरं, आणि पी-लो-छुन या चहाच्या गुंडाळलेल्या पत्तीवर ती भरपूर दिसायला हवी. पण लोंगजिंग कढईत दाबून घासत भाजली जाते आणि लव त्या घर्षणात निघून जाते. चांगल्या लोंगजिंगवर लव जवळपास दिसत नाही, म्हणून ती जून पानांची ठरत नाही. जपानी सेंचाची पत्ती गडद हिरवी आणि सुईसारखी असते, कारण ती वाफवून मग वळलेली असते. आणि आन्जी पायछा नावाच्या चहाची पानं वसंतात मुळातच फिकट, जवळजवळ पांढरट निघतात. त्यांत हरितद्रव्य कमी असतं आणि अमिनो आम्लं नेहमीपेक्षा जास्त. तिथे फिका रंग ही चहाची श्रीमंती आहे.

म्हणून आमच्यापुढचा प्रश्न असा होता: ही पत्ती स्वतःला लोंगजिंग म्हणवते, तर ती तशी दिसते का?

लोंगजिंग हा चीनच्या झेजियांग प्रांतातला चहा. हांगझोऊ शहरातल्या पश्चिम सरोवराच्या भोवतालच्या टेकड्या हे त्याचं मूळ घर. संरक्षित नाव म्हणून ते पश्चिम सरोवर, छ्यानथांग आणि युएझोऊ या तीन भागांतल्या चहाला लागू होतं. खुडलेली पानं काही तास पातळ पसरून ठेवतात, मग तापलेल्या कढईत हातानं दाबत, फिरवत भाजतात. पानातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर या उष्णतेनं निकामी होतं. ते चालू राहिलं तर पान लालसर-तपकिरी होत काळ्या चहाच्या वाटेला लागतं. एकदा भाजून, थंड करून पत्ती पुन्हा कढईत जाते. या दुसऱ्या फेरीत तिला शेवटचा चपटा, गुळगुळीत आकार येतो. दोन्ही टोकं निमुळती, मधे किंचित फुगीर, आणि कळी पानाला बिलगलेली.

रंगाबद्दल चिनी जाणकारांचा एक शब्द मला फार नेमका वाटतो. पश्चिम सरोवराच्या भागातल्या जुन्या वाणाच्या लोंगजिंगच्या रंगाला ते पॉलिश न केलेल्या तांदळाचा रंग म्हणतात. म्हणजे हिरव्यात मिसळलेला उबदार पिवळा. पाचूसारखा हिरवा नव्हे. बहिणीनं क ला जुनं ठरवलं होतं ते नेमकं या पिवळेपणावरून.

पांढऱ्या ताटलीवर

दिवसाचा उजेड, पण थेट ऊन नको. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात कोणतीही पत्ती चांगली दिसते. तीन सारख्या पांढऱ्या ताटल्या घेतल्या आणि प्रत्येकीत १० ग्रॅम पत्ती घातली. चिमूटभर पत्ती बघून काही कळत नाही, कारण पाकिटात वर काय आणि खाली काय यात फार फरक असतो.

ताटली दोन्ही हातांनी धरून गोल गोल हलवली की पत्ती आपोआप तीन थरांत लागते. हलकी, मोठी, फुललेली पानं वर येतात. घट्ट आणि वजनदार पत्ती मधे राहते. तुकडे आणि भुरा तळाशी जातो. चहा पारखणारे हे नेहमी करतात. यासाठी कसलंही उपकरण लागत नाही, म्हणून विक्रेत्यासमोरही करता येतं. चांगल्या मालात मधला थर जाड असतो. वरचा थर जाड असेल तर पानं जून आहेत किंवा नीट भाजून दाबलेली नाहीत. खालचा जाड असेल तर पत्ती फार कोरडी होऊन मोडली आहे, हाताळणी धसमुसळी झाली आहे, किंवा कुणीतरी मुद्दाम भुरा मिसळला आहे.

क मध्ये मधला थर चांगला होता, भुरा नगण्य. पण आकारात एकसारखेपणा नव्हता. काही पत्त्या नखाएवढ्या, काही त्याच्या दीडपट. रंगही एका पट्ट्यातला, पण एकच नव्हे: कुठे पिवळसर हिरवा, कुठे थोडा गडद. दोन-चार पत्त्यांवर करपल्याचे बारीक ठिपके होते. कढई क्षणभर जास्त तापली की असे फोड येतात. तो दोष आहे, पण या प्रमाणात किरकोळ.

ख बघून मात्र डोळे निवले. प्रत्येक पत्ती जणू एकाच साच्यातली, टवटवीत हिरवी, कळ्या गुबगुबीत. भुरा जवळजवळ नाही.

ग या दोन्हींच्या मधली. रंग लांबून पाहिला तर अगदी त्या तांदळाच्या रंगाजवळचा. आकार बरा. तळाला थोडा भुरा, काही सुटी पानं, पण डोळ्यांत खुपेल इतकं नाही.

मी कागदावर लिहिलं: क, ग, ख.

ख ला मी शेवटी टाकलं, कारण ते मला खोटं वाटलं. इतकी हिरवी लोंगजिंग म्हणजे रंग लावलेला असणार, असा संशय आला. असा संशय काही हवेतला नसतो. १९व्या शतकाच्या मध्याला रॉबर्ट फॉर्च्यून हे स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ चीनमधल्या चहाच्या प्रदेशांत हिंडले. परदेशी पाठवायच्या ग्रीन टीला प्रशियन ब्लू हे निळं रंगद्रव्य आणि जिप्समची पूड लावली जाते, हे त्यांनी स्वतः पाहून लिहून ठेवलं. कामगारांचे हात निळे झालेले त्यांनी पाहिले. तिथले लोक स्वतः असा चहा पीत नव्हते. परदेशी गिऱ्हाइकाला एकसारखा, झळझळीत हिरवा चहा आवडतो म्हणून तो तसा केला जात होता. डोळ्यांना सुखावणाऱ्या रंगाची मागणी इतकी जुनी आहे, आणि तिची किंमत पिणाऱ्याच्या पोटानं मोजली आहे. हे वाचल्यापासून अतिहिरव्या पत्तीबद्दल माझ्या मनात अढी बसली आहे. त्या दिवशी तीच अढी मला नडली.

रंगाची तपासणी

संशय आला तर तो तपासायचा. ख ची चिमूटभर पत्ती ओलसर पांढऱ्या कागदावर ठेवून बोटानं दाबून चोळली. दुसरी चिमूट पेलाभर थंड पाण्यात टाकली. यामागचं कारण साधं आहे. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो आणि हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. ग्रीन टीच्या पाण्याला जो फिका पिवळा-हिरवा रंग येतो, तो मुख्यतः दुसऱ्या, पाण्यात विरघळणाऱ्या घटकांचा. तेव्हा थंड पाणी मिनिटभरात गर्द हिरवं झालं किंवा कागदावर हिरवा-निळा डाग उमटला, तर तो रंग पानाचा नव्हे. अपवाद आहे तो वाफवलेल्या जपानी चहाचा. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगून पाणी हिरवट गढूळ करतात, त्याला रंग समजू नये.

ख च्या पेल्यातलं पाणी दहा मिनिटांनीही जवळजवळ नितळ होतं, फिकी पिवळी झाक आलेली. कागदावर डाग नाही. सगळ्या प्रकारची भेसळ या एवढ्या तपासणीत सापडेलच असं नाही, पण रंग चोळलेला असल्याचं एकही लक्षण तिथे नव्हतं. म्हणजे माझा आरोप निराधार होता. बहिणीनं काही न बोलता माझ्याकडे पाहिलं, आणि तिचं पाहणं योग्य होतं.

मग इतकी हिरवी कशी? आणि क पिवळी का? इथे हरितद्रव्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो. उष्णता, आम्लता, ओलावा आणि वेळ यांच्यामुळे तो अणू निसटतो आणि उरतं ते फिओफायटिन, ज्याचा रंग मेंदी सुकल्यासारखा, तपकिरीकडे झुकणारा. कढईत जास्त वेळ भाजलेली पत्ती यामुळेच पिवळसर होते, आणि उन्हात, उबेत किंवा दमट हवेत पडून राहिलेली जुनी पत्तीही थोडीफार यामुळेच रंग सोडते. कारण जवळजवळ तेच, परिणाम दिसायला सारखा. पण एक मास्तराच्या हातानं नीट भाजलेली, आणि दुसरी शिळी.

मग या दोघी ओळखायच्या कशा? रंगाकडे नाही, तजेल्याकडे बघायचं. ताज्या भाजलेल्या पिवळसर पत्तीवर तुकतुकी असते. पत्ती उजेडात फिरवली की तिच्या पाठीवरून प्रकाश सरकतो. शिळी पत्ती मातकट दिसते, प्रकाश तिच्यावर थांबतच नाही. आणि हिरव्या पत्तीबद्दलही तेच: वाण वेगळा असेल, सावलीत वाढवलेली असेल, कमी भाजलेली असेल, तर ती हिरवी राहते. हिरवेपणा म्हणजे ताजेपणाची पावती नव्हे.

क ची पत्ती तुकतुकीत होती. हे मला आधीच दिसलं होतं, म्हणून मी तिला वर ठेवलं होतं. ग ची मी उजेडात फिरवून पाहिलीच नव्हती. रंग अपेक्षेसारखा दिसला आणि मी पुढे गेले. संशय आला त्या पाकिटाची सगळी तपासणी केली, आणि जे मनासारखं दिसलं ते तपासलंच नाही. माझी चूक झाली ती इथे.

पाण्यात

आता बहिणीची अट मोडायची वेळ होती. चहाची पारख करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ३१०३ क्रमांकाची एक ठरलेली रीत आहे: १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. चिनी राष्ट्रीय मानकात ग्रीन टीसाठी १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम आणि ४ मिनिटं. प्रमाण एकच, वेळ कमी. आम्ही चिनी रीत घेतली. पाणी उकळतंच. एरवी पिण्यासाठी लोंगजिंगला मी कधीच उकळतं पाणी घालणार नाही, पण पारखताना लाड करायचे नसतात. उकळतं पाणी दोष लपू देत नाही.

त्याच मानकात गुणांची वाटणीही आहे. १०० पैकी कोरड्या पत्तीच्या रूपाला २५, पाण्याच्या रंगाला १०, सुगंधाला २५, चवीला ३० आणि भिजलेल्या पत्तीला १०. म्हणजे डोळ्यांच्या वाट्याला एकूण ४५ गुण येतात. पारखणारे लोक डोळ्यांना कमी लेखत नाहीत, हे यातून दिसतं. पण भिजलेल्या पत्तीला फक्त १० गुण, यावर माझं मन कधी बसलेलं नाही. गुण देण्यापुरतं ते ठीक असेल. पत्ती खरी की खोटी हे ओळखायचं असेल तर मी भिजलेल्या पत्तीला सगळ्यात वर ठेवीन.

कारण कोरडी पत्ती घडवलेली असते. तिला दाबून, घासून, निवडून, मिसळून एक रूप दिलेलं असतं. पाणी लागलं की ते रूप सुटतं आणि झाडावर होतं ते पान समोर येतं: किती मोठं होतं, कोवळं होतं की जून, देठासकट खुडलं होतं की ओरबाडलं होतं, सगळं.

चहा गाळून झाल्यावर भिजलेली पत्ती पांढऱ्या बशीत काढली आणि वर थंड पाणी घातलं, म्हणजे पानं तरंगून मोकळी होतात. हे लगेच करायचं. भिजलेली पत्ती तासभर तशीच राहिली तर ताज्या पत्तीचाही रंग उतरतो आणि मग काही सांगता येत नाही.

क: जवळजवळ प्रत्येक तुकडा पूर्ण. एक कळी, तिला बिलगलेलं एक पान, क्वचित दोन. आकार लहान-मोठे, पण प्रत्येक फुटवा त्याच वयाचा, मऊ, बोटानं दाबला की परत उभारी धरणारा. रंग सगळीकडे उजळ पिवळा-हिरवा. इथे कोरड्या पत्तीतल्या असमानतेचा खुलासा झाला. लोंगजिंगची जुनी झाडं बियांपासून वाढलेली असतात. प्रत्येक झाड जरा वेगळं, म्हणून पानंही वेगवेगळी. याउलट लोंगजिंग ४३ हा निवडून काढलेला वाण कलमांनी वाढवतात. सगळी झाडं एकाच झाडाची नक्कल, म्हणून फुटवेही एकसारखे आणि लवकर येतात. बहिणीला जो गबाळेपणा वाटला होता, तो बियांच्या झाडांचा नैसर्गिक वेगळेपणा असावा. असमानता दोन प्रकारची असते, आणि त्यातला फरक ओळखणं हे माझ्या मते पत्ती बघण्यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी काम आहे. आकार वेगळा पण वय एक, रंगाची छटा वेगळी पण तजेला एक, तर झाडं वेगळी. वय वेगळं, तजेला वेगळा, तर माल मिसळलेला.

ख: सुरेख फुललेली पत्ती. कळ्या जाड आणि आखूड, पानं रुंद, रंग स्वच्छ हिरवा. एकही तुटका तुकडा नाही, एकही लाल देठ नाही. या पत्तीत दोष म्हणून काढता येईल असं काही नव्हतं. पण मला माहीत असलेल्या लोंगजिंगच्या पानापेक्षा हे पान जाड आणि गुटगुटीत होतं. झेजियांगच्याच योंगजिया भागात वून्यू-झाओ नावाचा वाण आहे. नावातला 'झाओ' म्हणजे लवकर. तो लोंगजिंगच्या कितीतरी आधी फुटतो, आणि त्याची पत्ती चपटी भाजली की लोंगजिंग म्हणून सहज खपते. हे ते असावं, असं मला वाटलं.

ग: बशीत पाणी घातलं आणि दोघी एकदमच पुढे वाकलो. त्या एका बशीत दोन चहा होते. अर्ध्याहून थोडे जास्त फुटवे उजळ, मऊ, कोवळे. बाकीची पानं मंद तपकिरी-हिरवी, बोटाला राठ लागणारी, शिरा ठळक, कडांचे दाते स्पष्ट. काही नुसतीच सुटी पानं, कळीशिवाय. दोन-तीन देठ लालसर होते. खुडलेली पानं ढिगात दाबून तापली किंवा भाजायला उशीर झाला की ते विकर आपलं काम सुरू करतं, आणि देठ लाल होणं ही त्याची खूण. कोरड्या ढिगात ताजा हिरवा आणि शिळा तपकिरी मिसळून लांबून मला तो 'योग्य' पिवळसर हिरवा दिसला होता. एकेक पत्ती उचलून पाहिली असती, तर कोरडी असतानाही दिसलं असतं. मी ढीग पाहिला होता.

चवीचं थोडक्यात सांगते, कारण ती बशीत दिसलं त्यापेक्षा वेगळं काही बोलली नाही. क ला भाजलेल्या शेंगांसारखा सुगंध, आणि घोट गिळल्यावर मागून येणारा गोडवा. करपल्या ठिपक्यांचा अगदी पुसट वास होता. ख निर्मळ, हलका, पण दुसऱ्याच पाण्यात पातळ पडला. ग चा पहिला घोट बरा, मागे कपाटात पडून राहिलेल्या कागदासारखी चव.

विचारल्यावर

बहिणीनं दोन्ही विक्रेत्यांना विचारलं. ख वाल्यानं सरळ सांगितलं की वाण वेगळा आहे, लवकर येणारा आहे. तो भाजण्याच्या पद्धतीवरून लोंगजिंग म्हणतो. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, पण नाव चूक होतं आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेलं नव्हतं. ग वाल्यानं आधी नाकारलं. बशीचा फोटो दाखवल्यावर म्हणाला, मागच्या वर्षीची थोडी शिल्लक होती, ती यात घातली. 'थोडी' या शब्दाशी ती बशी जुळत नव्हती. शिळा माल ताज्यात मिसळून ताज्याच्या भावानं देणं ही फसवणूक आहे. त्याला दुसरा सौम्य शब्द शोधायची मला इच्छा नाही.

क वाल्याला विचारण्यासारखं काही नव्हतं. पण क बद्दलही मी बहिणीला एक गोष्ट बजावून सांगितली. हा चांगला खुडलेला, चांगला भाजलेला, ताजा आणि बहुधा बियांच्या झाडांचा चहा आहे, एवढंच पत्ती सांगते. तो नेमका कुठल्या टेकडीवरचा, तो छिंगमिंगच्या दोन दिवस आधीचा की दोन दिवस नंतरचा, त्यावर कीटकनाशक किती उरलंय, हे कोणतंही पान बोलत नाही. कीटकनाशकासाठी प्रयोगशाळा आहे. कोवळी, देखणी, निर्दोष दिसणारी पत्तीही त्या चाचणीत नापास होऊ शकते. ओलाव्याचंही तसंच. ग्रीन टीत साधारण ७ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. पत्ती चुरडून कुरकुरीत तुटते का, तिचा भुगा होतो का, यावरून अंदाज येतो, पण तो अंदाजच.

शेवटी खरा क्रम लागला क, ख, ग. बहिणीचा होता ख, ग, क. माझा क, ग, ख. तिनं हिरव्यावर विश्वास ठेवला, मी हिरव्यावर अविश्वास ठेवला, आणि ग आम्हा दोघींच्याही यादीत जिथे नको तिथे, मधे जाऊन बसला. मला याचं जास्त वाईट वाटलं, कारण तिच्याकडे अनुभव नव्हता आणि माझ्याकडे होता.

तिनं क ठेवला. ख सुद्धा ठेवला, पण त्याच्या पाकिटावर वाणाचं खरं नाव लिहिणार या अटीवर. वसंताच्या सुरुवातीचा निर्मळ, हलका चहा म्हणून त्यात काहीच वाईट नव्हतं. ग परत गेला.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. नवीन विक्रेत्याकडे गेली होती. पत्ती ताटलीत हलवून पाहिली, मग दहा-बारा पत्त्या एकेक करून पांढऱ्या कागदावर मांडल्या आणि खिडकीपाशी नेऊन फिरवल्या. विक्रेता म्हणाला, चहा करून दाखवायला आत्ता वेळ नाही. त्यावर ती म्हणाली, "चहा नको. सकाळी तुम्ही याच मालाचा केला असेल ना? त्याची भिजलेली पत्ती टाकली नसेल तर तेवढी दाखवा." तासाभराहून जुनी असेल तर तिच्या रंगावर जाऊ नकोस, असं मी सांगायच्या आतच ती म्हणाली, "रंग नाही बघितला, ताई. देठ बघितले."